शहाण्याने कोर्टाची पायरी...

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. गुडघ्यांनी थोडा असहकार पुकारला होता, आणि नातवाने हा संगणक बदलून दिल्यापासून जोडाक्षरं कुठली कुठे जातात हे कळेपर्यंत महिना गेला. असो. आजचा विषय जरा रुक्ष वाटेल, पण शेवटपर्यंत वाचा. विशेषतः आमच्या घरातल्या सुना-लेकींनी आणि भाच्यांनी वाचाच.

झालं असं, की आमच्याकडे पोळ्या करायला येणारी बाई (नाव लिहीत नाही, तिला इथे 'ताई' म्हणते) एक दिवस पीठ भिजवता भिजवता थांबली आणि पदराने हात पुसून तिने पिशवीतून एक जाडजूड पाकीट काढलं. "आजी, हे जरा वाचून सांगता का? काल कोर्टाचा माणूस देऊन गेला."

कोर्टाचा माणूस म्हणजे बेलीफ. पाकिटात होतं समन्स आणि त्याला जोडलेला दावा. ताईच्या नवऱ्याने पंचवीसेक वर्षांपूर्वी काळेवाडीच्या बाजूला अर्धा गुंठा जागा घेतली होती. घेतली म्हणजे काय, तर शंभर रुपयांच्या स्टँपवर लिहून घेतलं, नोटरीचा शिक्का मारला, पैसे मोजून दिले. त्यावर दोन खोल्या बांधल्या. आपल्या पिंपरी-चिंचवडमध्ये निम्मी वस्ती अशीच उभी राहिली आहे, हे इथल्या माणसाला सांगायला नको. ज्याने जागा दिली तो आता हयात नाही. त्याचे वारस म्हणतात, तो कागद म्हणजे खरेदीखत नव्हे, जागा आमची, खाली करून द्या.

"मुलगा म्हणतो, लक्षच द्यायचं नाही," ताई म्हणाली. "आपण राहतोय ना तिथं, कोण काढतंय. वकील केला तर तो घर विकायला लावील. ते म्हणतात ना आजी, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये..."

खरं सांगते, "खरंय गं" हे शब्द माझ्या जिभेवर आले होते. ते मी गिळले. का गिळले, ते पुढे सांगते. पण आधी थोडा इतिहास, कारण पस्तीस वर्षं मी तोच शिकवला!

ही म्हण आपण सगळेच लहानपणापासून ऐकतो. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. दिवाणी दाव्याच्या तारखा मोजता मोजता पिढ्या संपलेल्या मी पाहिल्या आहेत. पण म्हणीत एक गोम आहे. पायरी चढायची की नाही हे ठरवायची मुभा ज्याला आहे, त्याच्यासाठी ती म्हण आहे. ज्याच्यावर दावा लागला आहे, त्याला तशी मुभा नसते. तो पायरी चढला नाही म्हणून कोर्ट काही थांबत नाही. त्याच्या गैरहजेरीत दुसऱ्याचं म्हणणं ऐकून निकाल देतं. त्याला म्हणतात एकतर्फी हुकूमनामा. आणि या दोन शब्दांनी आपल्या पुणे जिल्ह्यात एकदा आग लावली होती, अगदी शब्दशः.

तारीख होती १२ मे १८७५. गाव सुपे, तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातलं. बाजाराचा दिवस होता. आसपासच्या गावांतले शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली. शाळेच्या पुस्तकात याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात. चार मार्कांची टीप असायची. मी मुलांना मुद्दे द्यायची: अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर कापसाचे भाव कोसळले, सरकारने सारा वाढवला, सावकारी वाढली, शेतकऱ्यांनी उठाव केला. पुढचा मुद्दाही द्यायची, की दंगेखोरांनी माणसं मारण्यापेक्षा कागद जाळले. कर्जरोखे, खतं, हिशेबाच्या वह्या. सावकाराने कागद मुकाट्याने हवाली केले, तर बऱ्याच ठिकाणी त्याला हातही लावला नाही.

कागदच का? हा प्रश्न माझ्या पस्तीस वर्षांत एकाही मुलाने विचारला नाही, आणि मीही स्वतःला विचारला नाही. निवृत्तीनंतर त्या काळाबद्दल थोडं सावकाशीने वाचायला घेतलं तेव्हा उत्तर सापडलं. कागद म्हणजे कोर्टातलं हत्यार होतं. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याला तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू चांगला, की व्याज फार साचू नये. सावकाराने काय केलं, तर दर तीन वर्षांनी मुद्दल अधिक व्याज मिळून नवा रोखा लिहून घ्यायला सुरुवात केली, आणि त्या सगळ्यावर पुन्हा व्याज. ज्याला वाचता येत नाही त्याने खाली अंगठा उठवायचा. मग दावा. समन्स कधी पोचायचं, कधी पोचायचं नाही. पोचलं तरी तालुक्याचं कोर्ट लांब, वकिलाला द्यायला पैसा नाही, आणि जाऊन बोलायचं काय हे माहीत नाही. शेतकरी जायचाच नाही. दंग्यांच्या चौकशीसाठी सरकारने जो आयोग नेमला त्याला दिसलं ते हेच, की सावकारांचे बहुतेक दावे एकतर्फी निकाली निघत होते. मग दरखास्त, जप्ती, लिलाव. म्हणजे तो शेतकरी 'शहाण्यासारखा' वागला होता. त्याने कोर्टाची पायरी चढली नव्हती!

या दंग्यांतून १८७९ साली 'दख्खन शेतकरी साह्य कायदा' झाला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी होता. म्हणजे आपलं हवेली, आपलं खेड, आपलं चाकण, सगळं त्यात आलं. कर्जासाठी शेतकऱ्याला कैदेत टाकायचं नाही. रोख्यावर लिहिलेल्या आकड्यावर विश्वास न ठेवता न्यायाधीशाने मूळ कर्ज किती होतं हे खोदून काढायचं. प्रतिवादी शेतकऱ्याला बोलावून त्याची जबानी घ्यायची. लहान रकमांसाठी गावातच मुन्सफ. हे सगळं पाठ्यपुस्तकांत थोडंफार येतं.

येत नाही ते कलम ६९. त्यात म्हटलं होतं, की शेतकऱ्याच्या विरुद्ध बाजूने वकील उभा असेल आणि शेतकऱ्याची स्वतः वकील करण्याची ऐपत नाही असं न्यायाधीशाला वाटलं, तर त्याला सरकारी वकिलाला किंवा तयार असलेल्या दुसऱ्या योग्य माणसाला शेतकऱ्याच्या वतीने उभं राहायला सांगता येईल. वाचून मी चष्मा काढून ठेवला. गरिबाला दिवाणी दाव्यात फुकट वकील, ही गोष्ट आपल्या चाकण-खेडच्या शेतकऱ्यासाठी १८७९ साली कायद्याच्या पुस्तकात लिहिलेली होती. किती जणांना ती मिळाली हा वेगळा प्रश्न. 'करावं' आणि 'करता येईल' यांत केवढी दरी असते हे सरकारी नोकरी केलेल्यांना मी काय सांगू!

त्याच सुमारास पुण्यात आपली माणसंही हात बांधून बसली नव्हती. सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, स्वतः वकील होते. पण भांडणं कोर्टाबाहेर पंचांसमोर मिटावीत म्हणून लवाद कोर्टं चालवण्याच्या उद्योगात तेच पुढे होते. स्वतःच्या पोटावर पाय देणारा वकील! आणि १८७९ साली वासुदेव बळवंत फडक्यांवर खटला उभा राहिला, तेव्हा त्यांचं वकीलपत्र घ्यायलाही हेच काका उभे राहिले. मिटवता येईल तिथे मिटवा, पण कोर्टात उभं राहायची वेळ आलीच तर माणसाला एकटं सोडू नका. दोन्ही गोष्टी एकाच माणसाने करून दाखवल्या. आपण त्यातली फक्त पहिली उचलली आणि तिची म्हण करून टाकली, असं मला वाटतं.

आणखी एक दाखला देते. महाडच्या चवदार तळ्याचा. डिसेंबर १९२७ मध्ये दुसऱ्या सत्याग्रहाच्या तोंडावर सनातन्यांनी दिवाणी कोर्टात दावा लावला आणि तात्पुरता मनाई हुकूम आणला. प्रतिवादी होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी. बाबासाहेबांनी जमलेल्या हजारोंना समजावून तळ्यावर जाणं थांबवलं आणि तो दिवाणी दावा लढवला. एक वर्ष नव्हे, दोन वर्षं नव्हे, १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल येईपर्यंत जवळजवळ दहा वर्षं! तळं खाजगी आहे, ही वादींची बाजू टिकली नाही. जे पायरी चढले त्यांच्यात वकील होता, म्हणून ते चढू शकले. ज्या वस्तीत बाबासाहेब नव्हते, त्या वस्तीने काय करायचं?

हा प्रश्न मोठ्या लोकांना पडला नव्हता असं नाही. मुंबईत १९२४ साली 'बॉम्बे लीगल एड सोसायटी' निघाली. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने न्यायमूर्ती नटवरलाल हरिलाल भगवती यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल १९४९ चा. गरिबाला वकील मिळवून देणं हे दानधर्माचं नव्हे तर सरकारचं काम आहे, हे तिचं सूत्र. त्याच वर्षी इंग्लंडने यासाठी कायदा केला आणि खजिन्यातून पैसा दिला. आपल्याकडे अहवाल कपाटात गेला, कारण पैसा नव्हता. १९५८ साली विधी आयोगाने पुन्हा तेच सांगितलं. पुन्हा कपाट.

पुढची गंमत मला फार आवडते. ते कपाट अखेर उघडायला लावलं ते त्याच भगवतींच्या मुलाने! न्यायमूर्ती प्रफुल्लचंद्र नटवरलाल भगवती. गुजरातमध्ये कायदेविषयक मदतीच्या समितीचे ते अध्यक्ष होते, पुढे न्या. कृष्ण अय्यर यांच्याबरोबर त्यांनी देशपातळीवर या कामाचा आराखडा केला. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने (हो, तीच, आणीबाणीतली, सगळंच वाईट नव्हतं त्यात) अनुच्छेद ३९-अ आलं: पैशाअभावी कुणाला न्याय नाकारला जाऊ नये म्हणून राज्याने मोफत कायदेविषयक मदत द्यावी. १९८७ साली 'विधी सेवा प्राधिकरण कायदा' झाला. आणि तो अमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ ला. म्हणजे वडिलांच्या अहवालापासून कायदा प्रत्यक्ष चालू व्हायला ४६ वर्षं. आणि कलम ६९ पासून मोजलं तर ११६!

आता आपल्या गावाकडे या. या मधल्या काळात इथे काय घडत होतं? १९५४ साली पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली. मग आकुर्डीला बजाज, पिंपरीला टेल्को, भोसरीला एमआयडीसी. १९७० साली पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी मिळून नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका. १९७२ चं प्राधिकरण. मी १९७३ साली इथे शाळेत रुजू झाले तेव्हा चिंचवड स्टेशनवर उतरल्यावर ज्वारीची शेतं दिसायची. सातारा, सोलापूर, मराठवाडा, कोकण, खानदेश, जिथून तिथून माणसं आली. दिवसा कारखाना, रात्री दहा बाय दहाची खोली.

कारखान्यातल्या भांडणाला युनियन होती. कामावरून काढलं तर युनियनचा वकील होता, कामगार न्यायालय होतं. पण फाटकाबाहेरच्या भांडणाला कोण? घरमालक खोलीला कुलूप घालतो, गावाकडचे भाऊ सातबाऱ्यावरून नाव उडवतात, बिल्डर पैसे घेऊन पसार होतो, नवरा दुसरीकडे संसार मांडतो. सगळी दिवाणी प्रकरणं. त्यासाठी माणसाकडे दोनच माणसं असायची. एक नगरसेवक आणि दुसरे शाळेतले गुरुजी किंवा बाई. कारण आम्हाला वाचता यायचं. किती नोटिसा, किती खतं, किती फारकतीचे कागद मी शाळेच्या व्हरांड्यात वाचून दाखवले असतील, गणती नाही. वाचता येत होतं, कळत होतं असं नाही. हा फरक मला फार उशिरा समजला.

आता ती गोष्ट सांगते, जिच्यामुळे ताईसमोर माझे शब्द घशातच राहिले.

१९९७ ची गोष्ट. आमच्या शाळेत एक सेविका होत्या, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान. नवरा भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये होता, तो आदल्या वर्षी वारला. पदरात दोन मुलं. सासर खेड तालुक्यातलं. नवऱ्याचा वडिलोपार्जित जमिनीत हिस्सा होता. दिरांनी वारसनोंद करताना हिचं आणि मुलांचं नाव घातलंच नाही. ती गावी गेली तर म्हणाले, तुझा काय संबंध, तू शहरात राहतेस. मधल्या सुट्टीत ती माझ्याकडे आली. प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला सातबारा होता. म्हणाली, "बाई, तुम्ही शिकलेल्या. सांगा, काय करू? दावा लावू का?"

मी तो उतारा वाचला. मी बी.ए. इतिहास! आणि मी तिला म्हणाले, "अगं, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. वकील तुला पिळून काढतील. मुलांना शिकव, तीच तुझी जमीन."

केवढं सुंदर वाक्य होतं ते. मला स्वतःलाच आवडलं होतं. तिने मान हलवली, उतारा पुन्हा चार घड्या करून पिशवीत ठेवला आणि तास व्हायच्या आत घंटा द्यायला गेली.

तेव्हा कायदा काय होता ते आता ऐका. हिंदू वारसा कायदा १९५६ चा. विधवा आणि मुलं पहिल्या वर्गाचे वारस, म्हणजे तिचा हक्क बिनतोड. १ ऑक्टोबर १९९४ पासून महाराष्ट्र सरकारने मालमत्तेच्या वादात, पोटगीच्या, छळाच्या, घटस्फोटाच्या प्रकरणांत स्त्रियांना कोर्ट फी माफ केली होती. म्हणजे फी शून्य. आणि नोव्हेंबर १९९५ पासून विधी सेवा कायदा चालू होता, ज्याच्या कलम १२ प्रमाणे कुठल्याही स्त्रीला उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो. म्हणजे वकीलही शून्य. मी ज्या खर्चाची तिला भीती घातली तो खर्च कायद्याने दोन वर्षांपूर्वीच काढून टाकला होता. मला माहीत नव्हतं. माहीत नव्हतं हा गुन्हा नाही, पण माहीत नसताना ठामपणे सांगितलं, हा आहे.

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. १९९९ साली चाकणला बजाजचा कारखाना सुरू झाला, २००९ साली फोक्सवॅगन आणि मर्सिडीज आल्या. ज्या जमिनीत वर्षाला चार पोती बाजरी पिकत होती, तिला सोन्याचा भाव आला. दिरांनी तुकड्या-तुकड्याने विकली. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून बाजूला काढलेल्या माणसाला हिस्सा मागायला कायद्यात बारा वर्षांची मुदत आहे, बाजूला काढल्याचं कळल्यापासून. ती मुदत निघून गेल्यावर मला हे सगळं समजलं, एका माजी विद्यार्थिनीकडून. ती वकील झाली आहे आणि सहज बोलता बोलता तिने विचारलं, "बाई, त्यांनी अर्ज का नाही केला? बायकांना फुकट असतं ना!"

त्या सेविका अजून भेटतात. मुलं खरंच शिकली, एक नोकरीला आहे. गेल्या वर्षी नातीच्या बारशाला बोलावलं होतं. मी धीर करून विषय काढला. तर म्हणाल्या, "जाऊ द्या बाई. तुम्ही म्हणालात तेच बरोबर होतं. कोर्टात कोण गेलं असतं?" त्यांनी मला दोष दिला असता तर बरं वाटलं असतं.

तर म्हणून ताईला मी 'खरंय गं' म्हणाले नाही. तिला म्हणाले, "पोळ्या राहू देत. उद्या आपण दोघी जाऊ."

गेलो. पिंपरीहून मेट्रोत बसलो. २०२३ च्या ऑगस्टपासून ही मेट्रो थेट शिवाजीनगरच्या कोर्टाशी जाते. तिथल्या स्टेशनचं नावच जिल्हा न्यायालय, लोक अजून सिव्हिल कोर्ट म्हणतात. आपल्या गावातून सुटणारी गाडी सरळ कोर्टाच्या दारात नेऊन सोडते, आणि आपल्या गावातली म्हण सांगते की जाऊ नका! सरकते जिने आहेत, त्यामुळे पायरी चढावी लागलीच नाही, हा विनोद मी ताईला ऐकवला. ती हसली नाही. बिचारीचं लक्ष पिशवीतल्या पाकिटात होतं.

कोर्टाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते. खेड तालुक्यातल्या, म्हणजे चाकणच्या माणसाला पुण्याला यायची गरज नाही, राजगुरुनगरच्या कोर्टात विचारावं. अर्जाला पैसे पडत नाहीत. आधार कार्ड, समन्स, दाव्याची प्रत आणि तो स्टँपचा कागद, एवढं दाखवलं. ताई स्त्री असल्यामुळे उत्पन्नाचा दाखला लागला नाही.

कुणाकुणाला ही मदत मिळते ते लिहून ठेवा: स्त्रिया आणि मुलं, अनुसूचित जाती-जमातींची माणसं, अपंग व्यक्ती, वेठबिगारी किंवा मानवी व्यापाराला बळी पडलेले, पूर-भूकंप-दंगलीसारख्या आपत्तीत सापडलेले, कोठडीत असलेले, आणि... औद्योगिक कामगार! हे शेवटचं वाचून मी पुन्हा चष्मा काढला. कायद्याच्या यादीत 'औद्योगिक कामगार' हा वेगळा गट आहे, त्याला उत्पन्नाची अट नाही. म्हणजे १९९५ पासून आपला अर्धा पिंपरी-चिंचवड-भोसरी-चाकण पट्टा या यादीत बसत होता आणि कुणाच्या गावीही नव्हतं. याशिवाय बाकीच्यांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे, महाराष्ट्रात वर्षाला ३ लाख रुपये. उत्पन्नाबद्दल स्वतःचं प्रतिज्ञापत्र पुरेसं मानता येतं, असं कायद्यातच आहे. १५१०० हा दूरध्वनी क्रमांक यासाठी देशभर चालतो.

सगळं गोड आहे असं सांगून मी दुसरं सुंदर वाक्य करणार नाही. नेमून दिलेल्या वकिलाला प्राधिकरणाकडून जे मानधन मिळतं ते बाजारभावाच्या मानाने थोडं. त्यामुळे काही जण मनापासून करतात, काही जण उरकतात. वकिलाला आपण पैसे द्यायचे नसतात. मागितले तर कार्यालयात सांगायचं. काम नीट होत नसेल तर वकील बदलून मागता येतो, पण तोंडी नव्हे, लेखी. मदत मिळण्यासाठी तुमच्या बाजूत वरवर पाहता तरी तथ्य दिसावं लागतं. आणि दाव्याची गती काही वाढत नाही, तारखा त्याच. लोकअदालतीत मिटवलंत तर भरलेली कोर्ट फी परत मिळते, निवाडा हुकूमनाम्यासारखाच पक्का असतो, पण त्यावर अपील नाही. म्हणून तिथे सही करण्यापूर्वी दोनदा विचार करा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दिवस मोजा. समन्स हातात पडल्यापासून ३० दिवसांत आपलं लेखी म्हणणं, ज्याला कोर्टात कैफियत म्हणतात, द्यायचं असतं. कारण सांगून कोर्टाने मान्य केलं तर ९० दिवसांपर्यंत. ताईच्या मुलाच्या सल्ल्याने पाकीट फ्रिजवर पडून राहिलं असतं तर सुप्यातल्या शेतकऱ्याचं जे झालं तेच झालं असतं. दीडशे वर्षांनी, मेट्रोच्या गावात.

माझ्या वयाच्या मैत्रिणींसाठीही एक सांगते, कारण हल्ली हे फार कानावर येतं. मुलांच्या नावे घर करून दिलं आणि मग मुलं विचारेनाशी झाली, तर २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे. अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा. मूळ कायद्याने तिथे वकिलांना मज्जावच केला, म्हणजे म्हाताऱ्या माणसाने स्वतःच आपलं सांगावं. आणि शेताच्या अडवलेल्या वाटेसाठी १९०६ सालापासून मामलेदार न्यायालयाचा कायदा आहे, तहसीलदाराकडे साधा अर्ज चालतो. प्रत्येक भांडणाला वकील लागतोच असं नाही. पण कुठे लागतो आणि कुठे नाही, हे सांगणारं कुणीतरी लागतं.

ताईचं पुढे काय झालं? अजून काहीच नाही. तिला एक तरुण वकीलबाई नेमून मिळाल्या आहेत. मुदतीत कैफियत दाखल झाली. घर वाचेल की नाही, कुणी सांगू शकत नाही. नोटरीचा कागद कायद्याने कच्चा आहे हे वकीलबाईंनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. पण इतक्या वर्षांच्या ताब्याचं, भरलेल्या घरपट्टीचं, वीजबिलांचं जे काही म्हणणं आहे ते आता कोर्टाच्या कागदावर आलं आहे. निकाल विरुद्ध गेला तरी तो दोन बाजू ऐकून गेलेला असेल.

परवा ती पोळ्या लाटताना म्हणाली, "आजी, शेजारणीलाही तसंच पाकीट आलंय. तिला मीच घेऊन गेले. मेट्रोचं तिकीट कसं काढायचं ते पण दाखवलं."

त्या सेविकाबाईंचं ऋण फेडायचा दुसरा मार्ग मला सापडलेला नाही. म्हणून हे लिहिलं. तुमच्या घरी कामाला येणाऱ्या, तुमच्या सोसायटीच्या दारावर बसणाऱ्या, तुमच्या गावाकडच्या एखाद्या आत्या-मावशीला असं पाकीट आलं, तर म्हण सांगू नका. त्यावरची तारीख वाचा, आणि जमलं तर सोबत जा.

कायद्याच्या तपशिलात चूकभूल असेल तर जाणकारांनी जरूर कळवावं, दुरुस्त करीन. पुन्हा ठामपणे चुकीचं सांगायची हौस मला उरलेली नाही.